सव्वीसच्या वर

लॉजवरच्या संडासाच्या टाकीतला तांब्याचा फ्लोट
बस्त्यावने काढून आणला.
काजळीने काळा केला, आत थर्मामीटर खोचला
आणि टांगला वेंगुर्ल्यात, परुळेकरांच्या काजूच्या शेडमध्ये,
सोलणीच्या रांगेवर, बायकांच्या कपाळांच्या उंचीला.

"ह्यां काय गो? पत्र्याची दृष्ट काढतंस?"
जयवंतीने मान वर न करता विचारलं.

दुपारचे दोन. हवा चौतीस. गोळा एक्केचाळीस.
मधले सात अंश हवेत नव्हतेच.
ते वरून येत होते, पत्र्यातून, वाऱ्याची वाट न पाहता,
चुलीपुढे बसलं की जसा एकच गाल तापतो
तसे चाळीस बायकांच्या भांगात.

पंखे होते. बंद होते.
लावले की गरांच्या साली उडतात,
डोळ्यांत जातात, वजनात धरल्या जात नाहीत.

मी नळीचा नकाशा काढला.
वीतभर अंतराने जाते, भिंत आली की वळते, परत येते,
शेतात नांगर फिरावा तशी.
खाली अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, वर काथ्याच्या गाद्या,
म्हणजे उन्हाचं ऊन उन्हाकडेच राहील.

परुळेकर म्हणाले, "चिलरच घेऊया ना, मॅडम.
बारा अंशांचं पाणी सोडा. बायका शाल मागतील."

त्यांनी मागवलेलं कोकम सरबत, बर्फ घातलेलं,
माझ्या नकाशावर ठेवलं होतं.
पेला उचलला. तिसऱ्या वळणावर ओलं वर्तुळ,
शाई फुटलेली.
"हे," मी म्हटलं, "तुमच्या गरांवर पडेल."

इथली हवा
सव्वीसच्या खालच्या कशालाही टेकली
की पाणी होते.
काचेला, स्टीलला, माझ्या शिक्षणाला.
कॉलेजात शिकवलं ते कोरड्या गावांचं गणित होतं,
तिथे छताला कितीही गार होता येतं.

शेडमागे जांभ्यात खोदलेली विहीर.
कठड्याला नेचे, तळाशी दोन कासवं,
त्यांना कुणी आणलं ते कुणालाच आठवत नाही.
बस्त्यावने कळशी सोडली, मी पारा बुडवला.
सत्तावीस.
पौषातही सत्तावीसच, तो म्हणाला, आंघोळीवरून सांगतो.

सव्वीस आणि सत्तावीस.
त्या एका अंशात मी सगळं बसवलं:
पंप, नळ्या, परुळेकरांचे पैसे, माझं नाव.
रात्री लॉजवर झोप नाही.
टाकी भरून वाहत होती, थेंब थेंब, पहाटेपर्यंत,
आणि मला वाटत होतं, छतच गळतंय.

चालू केलं त्या दिवशी परुळेकर मधोमध उभे राहिले,
तळहात हवेत धरून.
"गार कुठाय?"
कुठेच नव्हतं. हवा तेहतीस. वारा नाही, आवाज नाही,
एसीचा तो घसा बसवणारा झोत नाही.
मी गोळ्याकडे बोट केलं. गोळाही तेहतीस.
ते गोळ्याकडे बघत राहिले,
बिल बघावं तसे.

चाळीस जणींच्या हातांत गर फिरत होते.
कुणी काही बोललं नाही. अर्धा तास गेला.
मग जयवंतीने डोक्यावरचा ओला टॉवेल काढून
मांडीवर ठेवला, घडी घातली.
"गार काय लागणा नाय," ती म्हणाली,
"पण डोक्यार बसललो कोणतरी
उठान गेलो."

हे मी अहवालात लिहिलं नाही.
अहवालात आठ अंश लिहिले.

पावसात काय होईल, खात्री नाही.
हवा सत्तावीसलाच ओलावली तर पंप बंद ठेवा,
असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून आले आहे.
परतीचं पाणी तीस अंशांचं, किंचित कोमट,
शेडला वळसा घालून माडांच्या आळ्यांत जातं.
फ्लोट अजून तिथेच टांगलेला.
लॉजवाल्याचा काल फोन होता:
टाकी वाहते, म्हणाला,
तुम्ही गेल्यापासून.